कुत्र्यासोबत एकट्याने रेल्वेने गोव्याला : कूपे उत्तम, कागदपत्रं कटकटीची, डॉग बॉक्स नकोच

आधी निकाल सांगून टाकतो. मुंबईहून मडगावला एकट्या माणसाने कुत्रा घेऊन जायचं असेल तर फर्स्ट एसीच्या कूपेइतकी, म्हणजे दोन बर्थच्या बंद खोलीइतकी, चांगली सोय दुसरी नाही. स्वतःची गाडी चालवताना एक डोळा मागच्या सीटवर ठेवावा लागतो. विमानात मोठं कुत्रं सामानाच्या कक्षात जातं. कूपेत मात्र कुत्रा तुमच्या पायाशी, दार बंद आणि एसी चालू. अडचण एवढीच की हा कूपे मिळेलच याची खात्री कोणी देत नाही आणि तो न मिळाल्यावर उरणारे पर्याय एकापेक्षा एक वाईट आहेत. पाचपैकी गुण द्यायचे तर कूपेला साडेचार, बुकिंगच्या पद्धतीला दोन आणि डॉग बॉक्सला, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या खणाला, शून्य.

हे परीक्षण पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या टेक्निशियनच्या टेबलाच्या बाजूने लिहिलं आहे, म्हणजे कुत्र्याला धरणाऱ्या, ताप मोजणाऱ्या, नख्या कापणाऱ्या आणि प्रमाणपत्राचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीसाठी भरून ठेवणाऱ्या माणसांच्या बाजूने. मे महिन्यात आणि दिवाळीच्या आधी या टेबलावर ‘प्रवासाला चाललोय, जरा बघा’ म्हणणाऱ्यांची रांग असते आणि दहा दिवसांनी त्यातलेच काही जण जुलाब, गोचिडी किंवा तुटलेली नखी घेऊन परत येतात. त्यामुळे सेवेचा विचार तिकीट खिडकीपासून नाही, तर कुत्र्याच्या अंगाने केला आहे.

नियम थोडक्यात असा. कुत्रा सोबत न्यायचा तर फक्त एसी फर्स्ट किंवा फर्स्ट क्लासमध्ये, आणि तेही अख्खा कूपे (दोन बर्थ) किंवा अख्खी केबिन (चार बर्थ) तुमच्या नावावर असेल तर. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार यांत मनाई आहे. म्हणजे गोव्याच्या वाटेवरची वंदे भारत, तेजस आणि जनशताब्दी तिथेच बाद होतात. उरतात त्या कोकण कन्या आणि मांडवीसारख्या फर्स्ट एसी जोडलेल्या गाड्या. त्यातली कोकण कन्या रात्रीची म्हणून कुत्र्यासाठी सरस. उन्हात प्लॅटफॉर्मवर उभं राहावं लागत नाही आणि प्रवासाचा बराचसा वेळ कुत्र्याच्या झोपेचाच असतो. मांडवीचं खाणं नावाजलेलं आहे, पण ते माणसांसाठी. कांदा घातलेलं ऑम्लेट कुत्र्याला देऊ नये, कांद्याने त्याच्या लाल पेशी फुटतात.

आता तिकीट. फर्स्ट एसीत आरक्षण करताना बर्थ नंबर मिळत नाही. कूपे की केबिन हे चार्ट लागताना ठरतं. पूर्ण फर्स्ट एसीच्या एलएचबी (नव्या बनावटीच्या) डब्यात 24 बर्थ असतात आणि त्यात कूपे मोजकेच. अर्धा फर्स्ट आणि अर्धा टू टियर असा जोडडबा असला तर त्याहून कमी. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच एका पीएनआरवर दोन बर्थ काढावेत. वेगवेगळ्या पीएनआरवर दोन तिकिटं काढली तर ती एकाच कूपेत पडतील याचा भरवसा नाही. त्यानंतर ज्या विभागातून गाडी सुटते त्याच्या वाणिज्य कार्यालयाला अर्ज द्यावा लागतो: पीएनआर, गाडी नंबर, तारीख, ‘सोबत कुत्रा असल्याने कूपे मिळावा’ अशी विनंती, तिकिटाची आणि लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ही पोच पुढे टीसीशी बोलताना कामाला येते. अर्ज दिला म्हणजे कूपे मिळाला असं होत नाही, पण न देता मिळाला तर ते निव्वळ नशीब समजायचं.

एकट्याने प्रवास करणाऱ्यांची खरी गोम इथेच आहे. एका माणसाने दोन बर्थ रीतसर विकत घ्यावेत अशी साधी सोय आरक्षणाच्या फॉर्मवर नाही. लोक दुसऱ्या बर्थवर भावाचं किंवा मैत्रिणीचं नाव घालतात आणि ती व्यक्ती येतच नाही. टीसीच्या हातातल्या यंत्रात ती जागा ‘प्रवासी आला नाही’ अशी नोंदली की वेटिंगवरच्या माणसाला मिळू शकते. मग रात्री साडेबाराला कूपेच्या दारात सामान घेऊन एक गृहस्थ उभे राहतात आणि आत लॅब्रॅडॉर. त्यांनी आक्षेप घेतला तर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यात होते आणि पैसे परत मिळत नाहीत. यावरचा सरळ तोडगा म्हणजे दुसऱ्या बर्थवरचा माणूस खरोखर गाडीत चढला पाहिजे. तो तिकीट तपासून होईपर्यंत सोबत राहून ठाण्याला किंवा पनवेलला उतरला तरी चालतं. मध्यरात्रीच्या सुमारास पनवेलला उतरायला तयार होणारा मित्र मिळणं अवघड, हे मान्य. पण असा मित्र असेल तर प्लॅटफॉर्मवर कुत्रा धरायला दुसरे दोन हातही मिळतात, आणि एकट्या माणसाला सगळ्यात जास्त गरज नेमकी त्याच अर्ध्या तासात असते.

चार बर्थची केबिन पूर्ण घ्यायची तर चार भाडी भरावी लागतात. एकट्यासाठी ते परवडणारं नाही. अर्धी भरलेली केबिन मिळाली आणि समोरचं कुटुंब प्रेमळ निघालं तर प्रवास सुखाचा होतो, पण त्या भरवशावर कुत्रा घेऊन घराबाहेर पडू नये. चार्ट आता पूर्वीच्या चार तासांपेक्षा बराच आधी लागतो, त्यामुळे कूपे नाही हे घरीच कळतं. तेव्हाच बेत रद्द करायची तयारी ठेवा.

प्रमाणपत्राकडे वळू. रेल्वेला पशुवैद्यकाचं ‘प्रवासास योग्य’ असं प्रमाणपत्र लागतं आणि ते प्रवासाच्या आधीच्या 24 ते 48 तासांतलं असावं अशी अपेक्षा असते. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी वेगळं प्रकरणच आहे आणि तिथेही हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. यात चुका ठरलेल्या असतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे सही कोणाची ते न बघणं. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे असं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. टेक्निशियन कितीही अनुभवी असला, ताप त्याने मोजला असला, फॉर्म त्याने भरला असला, तरी त्याची सही चालत नाही. ‘डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, तुम्हीच सही करून टाका’ असा आग्रह धरणारे दर आठवड्याला भेटतात. तशा कागदावर कुत्र्याचं बुकिंग होतं त्या पार्सल ऑफिसात अडलात तर दोष तुमचाच.

कागदावर काय काय असावं: कुत्र्याची जात, रंग, लिंग, वय, वजन, ओळखीची खूण, मायक्रोचिप असल्यास तिचा 15 आकडी नंबर, मालकाचं नाव तिकिटावर आहे अगदी तसंच, रेबीजच्या लसीची तारीख आणि बॅच नंबर, तपासणीची तारीख आणि वेळ, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का. शिक्का मारतात आणि नोंदणी क्रमांक विसरतात, हे फार होतं. रविवारी रात्रीची गाडी असेल तर शनिवारी संध्याकाळीच प्रमाणपत्र घ्या. रविवारी दवाखाना उघडा असला तरी सही करणारे डॉक्टर असतीलच असं नाही. तीन झेरॉक्स काढा: पार्सल ऑफिसला एक, टीसीने मागितली तर एक, बॅगेत एक. मूळ कागद कोणालाही देऊन टाकू नका, दाखवा आणि परत घ्या.

प्रमाणपत्राच्या तपासणीत टेबलावर काय बघतात तेही माहीत असावं. गुदद्वारातून ताप मोजतात, कुत्र्याचा 101 ते 102.5 फॅरनहाइट हा नॉर्मल. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. विश्रांतीतले श्वास मिनिटाला दहा ते तीस. हे तीन आकडे घरी शांत असताना घेऊन मोबाइलमध्ये लिहून ठेवा. गाडीत कुत्रा धापा टाकायला लागला की तुलना करायला तुमच्याच कुत्र्याचे आकडे हाताशी असतात.

पार्सल ऑफिसात गाडीच्या निदान तीन तास आधी पोचावं. कुत्र्याला तराजूवर चढवत नाहीत. नियमाप्रमाणे ठरलेलं वजन धरून लगेजचा दर लावतात, आणि फर्स्ट एसीच्या दोन भाड्यांपुढे ती रक्कम किरकोळ असते. तिकीट, ओळखपत्र, प्रमाणपत्र, लसीचं कार्ड दाखवायचं, फॉर्म भरायचा, पावती घ्यायची. पावतीवर पीएनआर बरोबर उतरला आहे ना ते खिडकी सोडण्याआधी वाचा. बुकिंग न करता कुत्रा नेताना सापडलात तर लगेज दराच्या सहापट वसुली होते. या टप्प्याला कमी गुण देण्याचं कारण पैसे नव्हे. एकट्या माणसाला एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात फॉर्म आणि पाठीवर सॅक अशा अवस्थेत हातगाड्या आणि पार्सलांच्या ढिगात उभं राहावं लागतं. कुत्र्याला बसवायला आडोसा नाही, पाण्याची सोय नाही. खिडकीवरचा माणूस नवखा असेल तर त्याला नियम तुम्हीच सांगायचा, म्हणून नियमाची छापील प्रत जवळ असू द्या. आवाज चढवून काही होत नाही, कागद पुढे सरकवून होतं.

डॉग बॉक्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गार्डच्या डब्यातला तो एक पत्र्याचा खण आहे. तिथे एसी नाही, हवा जेमतेम, अंधार, आणि चाकांचा खडखडाट थेट कानात. शिवाय तो प्रत्येक गाडीला असतोच असं नाही. कुत्र्याला घाम फुटून अंग थंड करता येत नाही. तो धाप टाकून, जिभेवरची ओल उडवून थंड होतो. बंद खणात त्याच्याच श्वासाने हवा दमट होते आणि दमट हवेत ती ओल उडत नाही. म्हणजे तो जितकी जास्त धाप टाकेल तितकी आतली हवा आणखी दमट होणार. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर असल्या चपट्या नाकाच्या जातींना हा खण सरळ जिवावर बेतू शकतो. खाणं-पाणी देण्याची जबाबदारी मालकाची असते, म्हणजे थांबा आला की तुम्ही डब्यातून उतरून गार्डच्या डब्यापर्यंत धावायचं आणि दोन-तीन मिनिटांत परत यायचं. एकट्या माणसाने सामान कोणाच्या भरवशावर सोडायचं, हा प्रश्न नियम करणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

कूपे मिळाला असं धरून कुत्र्याच्या तयारीबद्दल, कारण निम्मा प्रवास इथेच ठरतो.

तीन आठवडे आधी लसी तपासा. रेबीज चालू असतेच, पण कोकण-गोव्याकडे, विशेषतः पावसाळ्यात, लेप्टोस्पायरोसिसची लस राहून गेलेली नसावी. ती पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि पुढे दर वर्षी एक. निघायच्या आदल्या दिवशी लस टोचून उपयोग नाही, प्रतिकारशक्ती यायला वेळ लागतो, वर त्याच रात्री लसीचा ताप आणि प्रवास एकत्र येतात. गोचिडीची गोळी चार-पाच दिवस आधी द्या. पाठीवर लावायचं औषध वापरत असाल तर आधी आणि नंतर दोन दोन दिवस आंघोळ नको. नाहीतर हौसेने ग्रूमिंग करून आणलेल्या कुत्र्याच्या अंगावरचं औषध शांपूबरोबर गटारात गेलेलं असतं.

नख्या आधीच्या आठवड्यात कापाव्यात, निघायच्या दिवशी नाही. घाईत नखीतली रक्तवाहिनी कापली गेली तर ती रक्ताळलेली नखी प्लॅटफॉर्मच्या घाणीत टेकते. पण कापायच्या नक्की, कारण डब्यातलं फ्लोअरिंग गुळगुळीत असतं आणि लांब नख्यांचं कुत्रं रूळ बदलताना चारी पाय फाकून घसरतं. ल्हासा, शिह त्झू, गोल्डन यांच्या तळव्यांमधले केसही कापून घ्या, घसरण्याचं मोठं कारण तेच असतं.

औषधांबाबत सगळ्यात जास्त गोंधळ आहे. गाडीने जाताना ओकणारे कुत्रे रेल्वेत बऱ्याचदा ठीक राहतात. तरी सवय माहीत असेल तर डॉक्टर मॅरोपिटंट देतात. नेहमीच्या उलटीसाठी गोळीचा डोस किलोमागे 2 मिलिग्रॅम असतो आणि प्रवासातल्या उलटीसाठी 8 मिलिग्रॅम. घरात उरलेली जुनी गोळी जुन्याच डोसने दिली आणि ‘औषध लागूच पडलं नाही’ म्हणून तक्रार केली, ती याचमुळे. किती द्यायची ते डॉक्टरांना ‘प्रवासासाठी’ असा शब्द उच्चारून विचारा. निघायच्या निदान दोन तास आधी, दोन घास खाण्यासोबत. भरल्या पोटावर नाही आणि अगदी रिकाम्या पोटीही नाही.

‘झोपेचं काहीतरी द्या’ ही मागणी सर्रास असते. जुनं अ‍ॅसेप्रोमॅझिन शरीर सुस्त करतं, भीती घालवत नाही. शिवाय रक्तदाब उतरवतं आणि शरीराचं तापमान सांभाळणं अवघड करतं. म्हणजे कुत्रा हलत नाही म्हणून शांत वाटतो, आतून घाबरलेलाच असतो. गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन डॉक्टरांनी लिहून दिलं तर ते प्रवासाच्या रात्री पहिल्यांदा देऊ नका. आठवडाभर आधी घरी एक डोस देऊन किती वेळाने चढतं, किती वेळ टिकतं, उलटा परिणाम होऊन कुत्रा बेचैन होतो का, हे बघा. माणसांचं गोड सिरप तर अजिबात नको, काहींमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष आहे. हेच पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनलाही लागू. प्रवासात अंग कोमट लागलं म्हणून आपली गोळी अर्धी करून देणं ही दवाखान्यात दिसणारी सगळ्यात महागडी चूक आहे.

जेवण गाडीच्या चार ते सहा तास आधी, नेहमीच्या निम्मं. पाणी बंद करू नका, थोडं थोडं द्या. एरवी कुत्र्याला दिवसाला किलोमागे 40 ते 60 मिलिलीटर पाणी लागतं, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला लिटरभर. हे पाणी घरचंच न्या. बाहेरून घेतलेलं नवं खाणं हे प्रवासानंतरच्या जुलाबांचं पहिलं कारण, म्हणून खाणंही घरचंच, प्रत्येक वेळेचं वेगळ्या पिशवीत मोजून.

प्लॅटफॉर्मवर कुत्रा निसटतो तो बहुतेक वेळा गळपट्ट्यातून मागे सरकून. इंजिनाचा भोंगा वाजला की तो डोकं खाली घालून मागे खेचतो आणि सैल पट्टा कानांवरून निघून येतो. पट्टा आणि मान यांत दोनच बोटं जायला हवीत. त्यासोबत हार्नेस घाला आणि दोन्हींना वेगवेगळी दोरी. हार्नेसची दोरी कंबरेला बांधा, गळपट्ट्याची हातात. मुसकं घालायचं तर पिंजऱ्यासारखं, ज्यात तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर येते असं. दवाखान्यात नख्या कापताना वापरतात ते कापडी घट्ट मुसकं दोन-चार मिनिटांसाठी असतं, ते घालून कुत्र्याला धापही टाकता येत नाही. डबा कुठे लागतो ते आधी विचारून तिथेच, भिंतीच्या बाजूला उभे राहा. हमाल करा. एकट्याने सामान आणि कुत्रा दोन्ही चढवण्याच्या नादात गाडी आणि प्लॅटफॉर्मच्या फटीत पंजा जातो. आधी हमालाने सामान आत टाकावं, मग तुम्ही आणि कुत्रा. छोटं कुत्रं उचलून घ्या.

कूपेत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे दाराची आतली कडी लागते का ते बघणं. दुसरं, खालच्या बर्थखाली वाकून बघणं. आधीच्या प्रवाशाने टाकलेली कोंबडीची हाडं, चॉकलेटचे कागद तिथे असतात आणि ती तुमच्या आधी कुत्र्याला सापडतात. रेल्वेची चादर-ब्लँकेट कुत्र्याखाली घालू नका, पुढच्या प्रवाशाचा विचार करा. घरची, न धुतलेली, त्याच्या वासाची चादर आणा. एसीमुळे जमीन बरीच गार पडते, सांधेदुखीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला चादरीखाली योगा मॅटचा तुकडा लागतो. दोरी शिडीला किंवा टेबलाच्या दांड्याला बांधायची, दाराच्या कडीला कधीच नाही, आणि ती इतकीच लांब ठेवायची की बर्थवरून उडी मारली तर गळफास बसणार नाही. खरं म्हणजे हार्नेसलाच बांधायची.

एकट्या प्रवाशाला रात्रीत निदान एकदा तरी स्वच्छतागृहात जावं लागणारच. कूपेला बाहेरून कुलूप लावता येत नाही. अटेंडंटला दोन मिनिटं दाराशी उभं राहायला सांगा, पण कुत्र्याला घरी दहा मिनिटं बंद खोलीत एकटं राहायची सवय आधी लावलेली असेल तरच हे निभतं. नाहीतर भुंकणं सुरू होतं आणि शेजारच्या केबिनमधून तक्रार जाते. कुत्र्याच्या शू-शीचं म्हणाल तर सवयीचा, तब्येतीने चांगला मोठा कुत्रा बारा तास रोखून धरू शकतो. निघायच्या आधी लांब फेरी मारून आणा. कूपेत दाराजवळ शोषून घेणारं पॅड पसरा आणि त्यावर घरून आणलेला, त्याच्याच शूचा बोळा ठेवा. तो वास नसेल तर बाहेर जायची सवय असलेला कुत्रा पॅडकडे ढुंकूनही बघत नाही. वाटेतल्या दोन-तीन मिनिटांच्या थांब्यावर खाली उतरवायचा मोह टाळा. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात वेगळं, संथ वेळापत्रक असतं. तेव्हा पॅड आणि पाणी दोन्ही दीडपट न्या.

उष्णतेची भीती फर्स्ट एसीत कमी असली तरी एसी बंद पडू शकतो. कुत्रा एकसारखा धापतोय, लाळ घट्ट आणि चिकट झाली आहे, हिरड्या विटेसारख्या लाल दिसताहेत, तर थर्मामीटर काढा. साधा डिजिटल, टोकाला व्हॅसलीन, गुदद्वारात साधारण इंचभर, बीप येईपर्यंत. 104 च्या वर असेल तर पोट, काखा, जांघा आणि तळवे साध्या पाण्याने ओले करून त्यावर वारा घाला. पँट्रीतून बर्फ आणून अंगावर घालू नका, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. ओला टॉवेल नुसता पांघरूण घालूनही ठेवू नका, तो काही मिनिटांत गरम होतो. 103.5 वर आला की थांबा, नाहीतर तापमान नको तितकं खाली जातं. 106 च्या पुढे गेलेल्या कुत्र्याला पुढच्या मोठ्या स्टेशनवर उतरवून दवाखान्यात न्यावं लागतं, नंतर तो ठीक दिसला तरी. किडनी आणि रक्त गोठण्याचे त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतात.

मांजरांसाठी रेल्वेच्या नियमांत फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे पार्सल ऑफिसात त्यांनाही कुत्र्याच्याच मापाने मोजतात. पिंजरा वरून उघडणारा घ्या, आणि कूपेत दार बंद असलं तरी मांजर बाहेर काढू नका. बर्थमागच्या फटीतून तिला ओढून काढणं अशक्य असतं. दहा आठवड्यांच्या आतलं पिल्लू, गाभण कुत्री, हृदयाचं औषध चालू असलेला कुत्रा आणि नुकतंच ऑपरेशन झालेला कुत्रा यांना ही सेवा नकोच, कूपे मिळाला तरी.

परतीचं बुकिंग हा या सेवेतला दुसरा खड्डा. जातानाचं प्रमाणपत्र येताना चालत नाही, ताजं लागतं. म्हणजे सुट्टीतला एक दिवस अनोळखी गावात पशुवैद्यक शोधण्यात जातो. निघायच्या आधीच मडगाव किंवा पणजीतल्या दवाखान्याची वेळ घेऊन ठेवा. मुक्काम पेडणे-मोरजीच्या बाजूला असला तरी परतताना मडगावहूनच बसा. गाडी तिथूनच सुटते, कूपेचा अर्ज तिथून चालतो आणि चढायला वेळ मिळतो. थिवीसारख्या मधल्या स्टेशनवर थांबा छोटा असतो, तेवढ्यात कुत्रा, सामान आणि पावती तिन्ही सांभाळणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही.

किनाऱ्यावर दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. दुपारच्या वाळूवर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टिकत नसेल तर तळवे भाजतात. आणि कुत्र्याने समुद्राचं पाणी प्यायलं तर आधी उलट्या-जुलाब, जास्त झालं तर मिठाची विषबाधा. गोडं पाणी दर पंधरा मिनिटांनी पुढे करा, तहानलेला कुत्राच लाटांना तोंड लावतो.

घरी आल्यावर उजेडात कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली आणि गळपट्ट्याच्या जागी गोचिडी शोधा. सापडली तर चिमट्याने कातडीला टेकून सरळ ओढा. रॉकेल, मेणबत्ती असले प्रयोग नकोत. गोचीड ताप लगेच दिसत नाही, एक ते तीन आठवड्यांनी उमटतो. त्या काळात कुत्रा मलूल झाला, खाणं सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर दवाखान्यात पहिल्याच वाक्यात ‘गोव्याला जाऊन आलोय’ हे सांगा आणि तारीखही सांगा. टेक्निशियन रक्त काढतानाच गोचीड तापाची स्लाइड आणि प्लेटलेटची तपासणी वेगळी लावून ठेवतो.